साक्षीचा ठिपका

झेंडू आला की माझे तळहात ओले होतात.

आज सकाळी कर्वेनगरच्या कोपऱ्यावर टेम्पोतून पोती उतरत होती. एक पोतं उसवलं आणि फुटपाथवर केशरी ढीग सांडला. फुलवाली म्हणाली, घ्या की ताई, उद्या भाव चढंल. मी नुसती हसले आणि पुढे निघाले. आमच्या घरी दसऱ्याला झेंडूचं तोरण नसतं. पांढरी साडी असते, विहारात वंदना असते, आणि दुपारी गोडाचं जेवण असतं. पण वास काही विचारून येत नाही. तो उग्र, हिरवट, औषधासारखा वास नाकात शिरला आणि मी रस्त्यातच उभी राहून पदराला हात पुसले. दोनदा पुसले. पुन्हा ओले.

तळहाताचा घाम ही काही सांगण्यासारखी गोष्ट नाही. पण एका दसऱ्यानंतर माझ्या हातांविषयी बरंच बोललं गेलं. कोणी आवाज चढवला नाही. फार मऊ बोलले सगळे. मऊ बोललेलं अंगातून लवकर जात नाही.

मी कॉलेजातल्या एका प्रयोगशाळेत कामाला आहे. झाडलोट करायची, काचसामान धुवायचं, टेबलं पुसायची. मला सगळे मावशी म्हणतात. दुसऱ्या मजल्यावर लांबट खोली, आणि तिच्या पोटात काचेच्या दाराची एक लहान खोली. तिला आम्ही आतली खोली म्हणतो. बाहेर ऑक्टोबरचं ऊन पत्रे तापवत असलं तरी आतल्या खोलीत थंडी असते. यंत्राचा एकसुरी आवाज असतो, आणि स्पिरिटचा वास. तिथे जायचं तर हातमोजे घालायचेच. त्या खोलीत मी सकाळी सगळ्यांच्या आधी जात असे. रिकाम्या खोलीत मला बरं वाटतं. माणसं असली की मी भिंतीच्या कडेने चालते, ही लहानपणापासूनची सवय आहे.

आतली खोली सायलीताईंची. म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुखांची, सरांची, पण बसायच्या सायलीताई. बार्शीकडची मुलगी, पीएचडी करत होती. दुपारी डबा खायला त्या जिन्याजवळच्या बाकावर माझ्याशेजारी येऊन बसायच्या आणि त्यांचं काम मला सांगायच्या. मला कळावं म्हणून नाही. त्या म्हणायच्या, मावशी, तुम्हाला सांगितलं की माझं मलाच नीट कळतं. मला मात्र हळूहळू खरंच कळायला लागलं.

एक काच असते. तिच्यावर सोन्याचा थर, इतका पातळ की बोटाने पुसला जाईल असं वाटतं. त्या सोन्यावर त्या धाग्यांचे ठिपके लावायच्या. धागे डोळ्यांना दिसत नाहीत, पण खालून प्रकाश टाकला की संगणकाच्या पडद्यावर ठिपके उजळ दिसतात, ओटीवर रांगोळीचे ठिपके दिसावेत तसे. मग आजारी माणसाच्या थुंकीतून काढलेलं पाणी त्यांच्यावरून वाहू द्यायचं. पाण्यात रोगाच्या जंतूचा धागा असेल, म्हणजे डीएनए, तर तो आपल्या जोडीच्या धाग्याला जाऊन मिठी मारतो. अडचण एवढीच की जंतू थोडे असले तर मिठ्याही थोड्या. यंत्राला त्या दिसत नाहीत. रिपोर्टात लिहून येतं, काही नाही.

"मग त्या थोड्या मिठ्या दाखवायच्या कशा?" मी विचारलं होतं.

"पाण्यात एक एन्झाइम सोडायचं. कात्री समजा. ती कुठेही चालत नाही. मिठी दिसली की तिथला लावलेला धागा कापते, आणि रोगाचा धागा तसाच मोकळा सोडते. मोकळा झाला की तो शेजारच्याला मिठी मारतो. पुन्हा कात्री. असं करत एकटा धागा अख्खा ठिपका विझवतो. ठिपका विझला की समजायचं, रोग आहे. थोडा आहे, पण आहे."

त्या दुपारी माझा घास हातातच राहिला. माझ्या थोरल्या बहिणीला खोकला होता. दर वेळी रिपोर्ट चांगला यायचा. आम्ही तिला म्हणायचो, काही नाही तुला, रिपोर्टच सांगतो ना. तीही मग खोकला दाबायला शिकली. शेवटी जेव्हा रिपोर्टाने हो म्हटलं तेव्हा औषधाने करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. मी हे सायलीताईंना सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून आतल्या खोलीची फरशी मी दोनदा पुसायला लागले.

त्या काचेवर आणखी एक ठिपका असायचा. त्याचे धागे वेगळे, रोगाशी त्यांचं काही देणंघेणं नाही. सायलीताई त्याला साक्षीचा ठिपका म्हणायच्या. बाकीचे विझोत, तो शेवटपर्यंत उजळ राहिला पाहिजे. तो विझला तर यंत्र जे काही सांगेल ते खोटं. कारण मग जिथे काही नाही तिथेही ते आहे म्हणणार.

आणि हातमोजे का, तर सोन्यावर लावलेले धागे आरएनएचे. फार नाजूक जात. माणसाच्या कातडीवर, घामात, थुंकीत तसंच एक एन्झाइम असतं. त्याला मिठीबिठी लागत नाही, आरएनए दिसला की ते खातं. उकळलं तरी मरत नाही. एका बोटाचा स्पर्श पुरे.

खंडेनवमीला आमच्या प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा होते. पुण्यात कारखान्यात होते, रिक्षा स्टँडवर होते, तशी इथेही होते. त्या वर्षी आतल्या खोलीत टेबलावर पांढरं कापड अंथरलं होतं. मोठ्या यंत्राला झेंडूचा हार. पुढे पाटावर सायलीताईंच्या पिपेटा ओळीने मांडलेल्या. पिपेट म्हणजे थेंब मोजून उचलायचं जाड पेनासारखं साधन, टोकाला प्लॅस्टिकची नळी बसवायची, काम झालं की नळी फेकायची. सरांनी बाह्या वर केल्या आणि एकेका पिपेटीला हळद-कुंकू लावलं. त्या दिवशी तेवढे कोणीच हातमोजे घालत नाही. रबरी हातांनी कोणी पूजा करतं का?

मी दाराबाहेर उभी होते. आमच्याकडे पूजा नाही. सासऱ्यांच्या वेळेपासून नाही. दर वर्षी मी बाहेर उभी राहते आणि कोणी विचारत नाही, कारण मी एरवीही बाहेरच असते. सरांनी दारापर्यंत येऊन माझ्या हातावर पेढा ठेवला. त्यांच्या बोटांचं कुंकू पेढ्याला लागलं होतं. दुसऱ्या दिवशी दसरा. पांढरी साडी नेसून मी विहारात गेले. मन शांत होतं. तेवढी शांतता त्या महिन्यात नंतर मिळाली नाही.

सुटी संपली आणि ठिपके विझायला लागले.

रोगाचं पाणी सोडल्यावर विझले असते तर आनंदच होता. पण नुसतं पाणी सोडलं तरी विझत होते. साक्षीचा ठिपकाही. पडद्यावर उजळ रांग दिसायची, सायलीताई पुढे वाकून बसायच्या, आणि बघता बघता सगळी रांग काळी व्हायची, आळीतली वीज गेल्यासारखी. त्यांनी काच बदलली. पाणी बदललं. एन्झाइमची बाटली बदलली. टेबल तीन-तीनदा पुसलं. दिवाळीआधी बाहेरून परीक्षक येणार होते. त्यांना काम दाखवता आलं नाही तर मुदत वाढणार नव्हती आणि सायलीताईंना सगळं सोडून बार्शीला जावं लागणार होतं. त्यांचे ओठ सुकलेले असायचे. डबा तसाच परत जायचा. त्या बाकावर यायच्या बंद झाल्या.

मग प्रश्न सुरू झाले. पहिला दिवेकर काकांनी विचारला. काका प्रयोगशाळेचे जुने सहायक, निवृत्तीला आलेले. त्यांच्या बोलण्याला मीठ-मिरची दोन्ही असते. ते म्हणाले, "मावशी, तुमचे हातमोजे आम्ही खास तुमच्यासाठी आणलेत, संग्रहालयासाठी नाही. घालता ना? विचारतो आपलं."

मी मान हलवली. घालत होते. रोज घालत होते. पण मान हलवताना माझे हात आपोआप मागे गेले, आणि ते काकांनी बघितलं.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट शिकले. सायलीताईंची कात्री जशी एका मिठीवरून दुसरीवर जाते ना, तसाच एक शब्द जातो. काका सरांशी बोलले असतील. कँटीनवाल्याने मला विचारलं, काय मावशी, काय खराब झालं म्हणे तुमच्या हातनं? मग आमच्या ठेकेदाराचा सुपरवायझर आला. त्याने खुर्चीतून न उठता सांगितलं की तुम्हाला पाहिजे तर होस्टेलला टाकतो, तिकडे यंत्रंबिंत्रं नाहीत, तुम्हालाच सोपं. कोणाच्या मनात पाप होतं असं मी आजही म्हणणार नाही. एकाने नुसतं विचारलं, दुसऱ्याने नुसतं ऐकलं. रांग मात्र काळी होत गेली.

सरांनी स्वतः बोलावलं. सर भले माणूस आहेत. ते खाली बघून म्हणाले, "मावशी, काही दिवस तुम्ही आतल्या खोलीत जाऊ नका. आरोप नाही हा. खबरदारी."

मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बादली घेऊन मी काचेच्या दारापर्यंत गेले आणि थांबले. काचेत माझाच चेहरा दिसत होता. मला एकदम गावातली शाळा आठवली. चौथीपर्यंतच गेले मी तिथे. व्हरांड्यात पाण्याचा माठ असायचा. बाकीच्या मुली स्वतः पेला बुडवून घ्यायच्या. आम्ही दोघी-तिघी ओंजळ धरून बसायचो आणि कोणीतरी वरून पाणी ओतायचं. मारलं नाही कोणी, शिवीही दिली नाही. पाणी थंड असायचं. कोपरापर्यंत ओघळायचं आणि झग्याची बाही ओली व्हायची. इतक्या वर्षांत ती बाही मला कधी आठवली नव्हती. काचेच्या दारापाशी आठवली.

घरी यांना सांगितलं. हे रिक्षा चालवतात, माझ्या उलट स्वभाव, सिग्नलला शेजारच्या गाडीवाल्याशीसुद्धा गप्पा मारतील. ते म्हणाले, सरळ सांगून टाक ना, पूजेला सगळ्यांनी हात लावले, मी तेवढी बाहेर होते म्हणून.

"मग विचारतील, बाहेर का होतीस."

"मग सांग. त्यात लाजायचं काय?"

"लाज नाही. पण मी सांगायचं, मग त्यांनी ओशाळायचं, मग मी त्यांची समजूत काढायची. ते कोण करणार?"

हे काही क्षण माझ्या हातांकडे बघत राहिले. मग उठून त्यांनी चहा टाकला. आमच्या घरात त्यांनी चहा टाकला म्हणजे विषय मोठा आहे.

होस्टेलला जाणं काही वाईट नव्हतं. पगार तोच. पण मी अशी गेले असते तर सगळ्यांच्या मनात कायमचं राहिलं असतं की बाई गेली आणि काम सुधारलं. आणि नाही सुधारलं तरी मी कुठे बघायला असणार होते? त्या दिवसांत मी हात सतत धुवायची. साबणाने बोटांच्या पेरांना भेगा पडल्या. झोपेतून उठले की आधी तळहात बघायची. काय आहे यांच्यावर? दिसत तर काहीच नाही.

मग एका दुपारी सायलीताई बाहेर आल्या. डोळे ओढलेले, पण चाल ताठ. म्हणाल्या, मावशी, आत या. मी म्हटलं, सरांनी आत जाऊ नका सांगितलंय. त्या म्हणाल्या, सरांनाही बोलावलंय.

आत सर होते, काका होते, आणखी एक विद्यार्थिनी होती. टेबलावर काचेची पट्टी, तिच्यावर पाण्याचे थेंब. सायलीताई म्हणाल्या, प्रत्येकाने हातमोजे काढून एकेका थेंबात बोट बुडवायचं. शेवटच्या थेंबात कोणीच नाही. तो साक्षीचा.

काका म्हणाले, "हे बरंय. भविष्यही सांगणार का?" पण बोट त्यांनी बुडवलं. सरांनी बुडवलं. माझी पाळी आली तेव्हा मी बोट जरा जोरात टेकवलं आणि थेंब थोडा पसरला. सायलीताईंनी माझं मनगट धरलं, घट्ट, आणि सोडलं.

शेजारच्या विभागातून त्यांनी एक पिपेट मागून आणली होती. त्या पिपेटीने त्यांनी थेंब उचलले आणि सोन्याच्या काचेवर एकेका ठिपक्यावर सोडले. आम्ही सगळे पडद्याकडे बघत उभे राहिलो. यंत्राचा आवाज तेवढा चालू होता. मला वाटत होतं, आता एकच ठिपका विझणार आणि तो माझा असणार. मला विज्ञान कळत होतं, सायलीताईंनी सांगितलेलं सगळं आठवत होतं, तरी तसंच वाटत होतं. इतकं खोल जातं हे.

पहिल्यांदा कुठला विझला ते मला सांगता येणार नाही. एक धूसर झाला, मग दुसरा, मग सगळेच. सरांचा, काकांचा, त्या मुलीचा, सायलीताईंचा, माझा. पडद्यावर काळ्या ठिपक्यांची रांग. कुठला कोणाचा, ओळखू येईना. फक्त शेवटचा, ज्यात कोणाचं बोट नव्हतं, तो उजळ होता.

काका म्हणाले, "म्हणजे सगळेच गुन्हेगार. बरं झालं, एकटं तुरुंगात करमत नाही."

सायलीताईंचं लक्ष शेवटच्या ठिपक्यावर होतं. त्या स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या, हा राहिला. काच चांगली आहे. पाणी चांगलं आहे. आज वेगळी आहे ती फक्त पिपेट. त्यांनी आपली रोजची पिपेट घेतली आणि तिचं टोक पिळून उघडलं. जिथे नळी बसते तिथल्या खाचेत तांबडी रेघ होती. वरचं कुंकू पुसलं होतं, खाचेतलं राहिलं होतं. कुंकवाबरोबर बोटही तिथवर गेलं होतं.

सरांनी वाकून ती रेघ बघितली. मग म्हणाले, "पूजा मी केली होती." आणि माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्हीही होतात ना त्या दिवशी? मी पेढा दिला होता तुम्हाला."

"दारात दिला होतात," मी म्हटलं.

सरांच्या चेहऱ्यावर प्रश्न होता, आणि आता तो मी तसाच सोडला असता तर आयुष्यभर सोडला असता. मी म्हटलं, "आमच्यात पूजा करत नाहीत सर. दुसऱ्या दिवशी आम्ही विहारात जातो. म्हणून मी बाहेर असते. त्या दिवशी मी कशाला हात लावला नव्हता."

मला वाटलं होतं सांगितल्यावर मोकळं वाटेल. तसं नाही वाटलं. दुकानात सुटे परत मागून घेतल्यावर वाटतं तसं वाटलं. आपलंच होतं, तरी मागावं लागलं.

कोणी माफी मागितली नाही. पुण्यात ती सहसा मागत नाहीत. सर म्हणाले, उद्यापासून पहिल्यासारखं. सुपरवायझरचा फोन आला तेव्हा काकांनीच तो घेतला आणि सांगितलं की होस्टेलला दुसरं कोणी बघा, आमच्या मावशी फार महागाच्या आहेत. मग माझ्याकडे न बघता हातमोज्यांचं नवं खोकं माझ्या बादलीशेजारी ठेवून गेले. मी ते घेतलं. घ्यायचं की नाही याचा क्षणभर विचार केला, ही गोष्टही खरी.

आता सायलीताई इथे नाहीत. परदेशात गेल्या. तिकडे खंडेनवमी नसते, त्यामुळे माझ्या पिपेटा सुरक्षित आहेत असा त्यांचा निरोप असतो. इकडे उद्या पूजा आहे. त्या वर्षापासून पिपेटा खणात कुलूपबंद राहतात आणि सर यंत्राच्या बाहेरच्या पत्र्याला कुंकू लावतात, तेही हातमोजे घालून. काका निवृत्त झाले तरी पेढे खायला येतात आणि दर वर्षी म्हणतात की देवालासुद्धा आता कळलंय आमचे हात कसले आहेत. मी दाराशीच उभी असते. आता सगळ्यांना माहीत असतं की का. परवा सुटी आहेच, पण सर मला मुद्दाम विचारतात, मावशी, वंदना किती वाजता असते तुमची? दर वर्षी विचारतात, दर वर्षी विसरतात.

आणि तरी झेंडू दिसला की हात ओले होतात. हाताला कोणी अजून सांगितलेलं नाही.

तेव्हा मी ती दुपार आठवते, दिवाळीच्या आधीची. परीक्षक आले होते, दोन अनोळखी माणसं आणि एक बाई. नव्या पिपेटा, नवी काच. सायलीताईंनी मला आत बोलावून यंत्राजवळच्या स्टुलावर बसवलं होतं. कोणी विचारलं नाही मी कोण. त्यांनी जंतूच्या धाग्यांचं पाणी सोडलं, फार थोड्या धाग्यांचं, जे एरवी कुठल्याही यंत्राला दिसलं नसतं. मग कात्री सोडली. सगळे रोगाच्या ठिपक्याकडे बघत होते. तो हळूहळू मावळायला लागला. बाई पुढे वाकल्या, सरांनी श्वास सोडला. माझ्या डोळ्यांपुढे बहिणीचा चेहरा येऊन गेला.

पण मी त्या ठिपक्याकडे फार वेळ बघितलंच नाही. मी त्याच्या शेजारच्याकडे बघत होते. मांडीवर हात घट्ट धरून, पापणी न हलवता. रोगाचा ठिपका पार काळा झाला, कोणीतरी वा म्हणालं, खुर्च्या सरकल्या, सायलीताई रडू आवरत काहीतरी समजावून सांगू लागल्या. मी बघत राहिले.

तो उजळच राहिला.